निरीक्षणगृहातील मुलांसोबत समुपदेशनाचे काम: कोकणातील नव्या सहकाऱ्यांसाठी

कोकणात लोकांच्या तोंडी अजूनही ‘रिमांड होम’ हाच शब्द आहे. कायद्याच्या भाषेत ते निरीक्षणगृह, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवण्याची जागा आहे आणि तिथे आणलेला अठरा वर्षांखालील मुलगा ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेले बालक आहे. हा शब्द बोजड वाटला तरी त्यामागचा विचार समजून घ्यावा. मुलाच्या संदर्भात दोषारोप करणारी भाषा वापरू नये आणि तो निर्दोष आहे असे गृहीत धरूनच त्याच्याशी वागावे, ही बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 ची मूलभूत तत्त्वे आहेत. समाजकार्याची किंवा मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन जे तरुण सहकारी या कामात येत आहेत, त्यांच्यासाठी माझ्या अनुभवातून हे लिहीत आहे. पुढे आलेल्या प्रसंगांत कोणाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

या कामातली खरी अडचण समुपदेशनाच्या तंत्राची नाही. बाहेरच्या दवाखान्यात येणारा माणूस स्वतःच्या इच्छेने येतो. इथला मुलगा आपल्यासमोर बसतो, कारण त्याला बसवलेले असते. आपण त्याचे ऐकणारेही असतो आणि अशा मुलांची प्रकरणे चालवणाऱ्या बाल न्याय मंडळाला त्याच्याविषयी लिहून कळवणारेही असतो. त्याला हे पहिल्या दिवशी स्पष्ट सांगितले नाही, तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

कायदा किती माहीत असावा

मुलाच्या प्रश्नांना खरे उत्तर देता येईल, इतका तरी माहीत असलाच पाहिजे. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी किमान एक स्त्री असते. ताब्यात घेतलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत मंडळापुढे आणावे लागते आणि त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. जामीन देणे हा नियम आहे आणि नाकारणे हा अपवाद. नाकारल्यास त्याची कारणे मंडळाला लिहावी लागतात. चौकशी पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत पुरी व्हावी अशी अपेक्षा असते. मंडळ ती आणखी दोन महिन्यांनी वाढवू शकते आणि गंभीर प्रकरणांत त्याहूनही वेळ लागतो. मंडळाने विशेषगृहात (दोष सिद्ध झालेल्या मुलांना सुधारणेसाठी ठेवण्याच्या संस्थेत) पाठवायचे ठरवले, तरी ती मुदत तीन वर्षांहून अधिक नसते. दोष सिद्ध झाला तरी त्यामुळे पुढे नोकरीसाठी वा शिक्षणासाठी अपात्रता येत नाही आणि ठरावीक मुदतीनंतर नोंदी नष्ट केल्या जातात, ही गोष्ट बहुतेक मुलांना कोणी सांगितलेलीच नसते. (सोळा ते अठरा वयोगटातील ज्या मुलाला बाल न्यायालयाने अतिगंभीर गुन्ह्यात (किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात) दोषी ठरवले असेल, त्याला ही सवलत लागू नाही, म्हणून प्रकरण पाहूनच बोलावे.)

मात्र ‘सोमवारी सुटशील’ असे कधीही म्हणू नये. सोमवारी तो सुटला नाही, तर मंगळवारी आपल्यासमोर येऊन बसणार नाही.

पहिली भेट

पहिल्या भेटीआधी मुलाला पोलिसांनी, वकिलाने, परिविक्षा अधिकाऱ्याने (मुलाच्या घरची-परिस्थितीची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने), काळजीवाहकाने आणि खोलीतल्या इतर मुलांनी एकच प्रश्न विचारलेला असतो: काय केलंस? तो प्रश्न आपण विचारू नये. यामागे दया हे एक कारण आहे, पण दुसरेही कारण तितकेच महत्त्वाचे आहे. प्रकरण चालू असताना घटनेचा तपशील आपल्या वहीत उतरला, तर त्याचे पुढे काय होईल हे आपल्या हातात राहत नाही. घटनेविषयी त्याने वकिलाशी बोलावे. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो विनामूल्य मिळतो. आपण त्याची झोप, भूक, घरची आठवण आणि त्याला वाटणारी भीती यांविषयी विचारावे.

मी पहिल्या दिवशी साधारण असे बोलते: “मी पोलीस नाही आणि वकीलही नाही. तू इथे का आलास, ते आज विचारणार नाही. तू जे सांगशील ते मी इथल्या मुलांना किंवा काळजीवाहकांना सांगत नाही. पण तीन गोष्टी मला पुढे सांगाव्याच लागतात. तू स्वतःला इजा करणार असशील तर, तू दुसऱ्याला इजा करणार असशील तर, आणि तुझ्याशी किंवा दुसऱ्या कुठल्या मुलाशी कोणी वाईट वागलं असेल तर. शिवाय मंडळाने माझ्याकडून अहवाल मागितला तर मी तो लिहीन, पण पाठवण्याआधी तुला वाचून दाखवीन.” यानंतर त्याला आपल्या शब्दांत ते परत सांगायला लावावे, कारण मान हलवणे म्हणजे समजणे नव्हे.

हे शब्द मी एका चुकीतून शिकले. कामाच्या सुरुवातीच्या दिवसांत मी एका मुलाला “इथलं बोलणं इथेच राहील” असे सरसकट वचन देऊन बसले. तिसऱ्या भेटीत त्याने कामाच्या ठिकाणी एका मोठ्या माणसाने केलेल्या लैंगिक अत्याचाराविषयी सांगितले. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे आणि न दिल्यास तो गुन्हा ठरतो. मी ती दिली. देणे योग्यच होते. पण माझे वचन चुकीचे होते आणि त्याची किंमत त्या मुलाने भरली. त्यानंतर सहा आठवडे तो माझ्याच काय, कोणाच्याच समोर बोलला नाही.

न बोलणारा मुलगा

बोलण्यासाठी बोलण्याचीच गरज असते असे नाही. बोटीवर खलाशी म्हणून गेलेला एक सोळा वर्षांचा मुलगा चार भेटी गप्प बसून होता. चौथ्या भेटीत माझे लक्ष त्याच्या बोटांकडे गेले. टॉवेलाच्या कडेचे सुटे धागे ओढून तो नकळत गाठी मारत होता, आणि प्रत्येक गाठ मागच्या गाठीपासून अगदी सारख्या अंतरावर पडत होती. ही कसली गाठ, एवढेच मी विचारले. पुढची वीस मिनिटे तो फाटलेले जाळे कसे जोडतात, कोणत्या माशाला केवढा डोळा लागतो, जून-जुलैच्या मासेमारीबंदीत बोटी वर ओढल्यावर किनाऱ्यावर दिवसभर हेच काम कसे चालते, हे मला समजावत राहिला. तिथूनच बाप वारल्यावर कोणी त्याला बोटीवर चढवले, ही गोष्ट आली. पुढच्या भेटींसाठी मी वीतभर सुतळी नेत असे आणि भेट संपल्यावर मोजून परत घेत असे. आत्महत्येचा धोका असलेल्या जागी दोरी मागे राहू देऊ नये, हे आवडीच्या मुलाच्या बाबतीतही विसरायचे नसते.

भाषेचे भान इथे फार लागते. मालवणी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीत प्रश्न विचारला की तो शाळेत उभे केल्यासारखा आखडतो. आपल्याला मालवणी किंवा संगमेश्वरी बोलता येत नसेल, तर नक्कल करू नये. पण त्याने त्याच भाषेत बोलावे आणि आपण न समजलेला शब्द मोकळेपणाने विचारावा. आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांतली आणि चिरेखाणींवर आलेल्या कानडी मजुरांची मुलेही इथे येतात. त्यांच्यासाठी दुभाषी मागवून घ्यावा. खोलीतल्या दुसऱ्या मुलाला दुभाषी करणे सोयीचे असते, आणि त्यानेच गोपनीयता संपते.

पहिल्या आठवड्यातली चिडचिड, घाम, झोप उडणे हे स्वभावाचे लक्षण मानण्याआधी तंबाखू, गुटखा, गांजा किंवा दारू बंद झाल्याचे ते परिणाम आहेत का, हे पाहावे. दारूची सवय मोठी असेल तर डॉक्टरकडे त्याच दिवशी न्यावे. डोळे आणि कान तपासून घ्यावेत. वर्तमानपत्र सहज पुढे करून त्याला वाचता येते का, तेही पाहावे.

जिवाचा धोका

पहिली रात्र, मंडळाच्या तारखेच्या आधीचा आणि नंतरचा दिवस, जामीन नाकारला गेल्याची संध्याकाळ, आणि घरचे भेटीला येणार होते पण आले नाहीत तो दिवस, या वेळा जपण्याच्या असतात. प्रश्न सरळ विचारावा: “जगू नये असं मनात येतं का? कसं करायचं याचा विचार केलास का?” विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. कोणीतरी विचारले, याचा बहुधा त्याला आधारच वाटतो. उत्तर होकारार्थी असेल, तर अधीक्षकांना त्याच क्षणी कळवावे, मुलाला एकटे सोडू नये, आणि सुरक्षिततेच्या नावाखाली बंद खोलीत एकटे ठेवण्याला ठाम विरोध करावा. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाशी आधीपासून ओळख ठेवावी. राज्यात चारच प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत आणि त्यांतले एक रत्नागिरीला आहे. त्याचे नाव काढले की घरचे दचकतात, म्हणून तिथे पाठवण्याची वेळ आली तर आधी आईशी बसून बोलावे. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे.

अहवाल

मुलाच्या आयुष्यावर आपला सर्वांत मोठा परिणाम खोलीतल्या बोलण्याने होत नाही, कागदाने होतो. ‘आक्रमक वृत्ती, पश्चात्ताप दिसत नाही’ हे वाक्य लिहायला अर्धे मिनिट लागते आणि ते फाइलमध्ये वर्षानुवर्षे राहते. त्याऐवजी जे पाहिले ते लिहावे. ‘दोन आठवड्यांत तीन वेळा भांडण झाले. तिन्ही भांडणे रात्रीच्या जेवणानंतर झाली आणि तिन्ही दिवशी आईचा फोन लागला नव्हता.’ एवढे वाचून मंडळाला काय करावे ते कळते. पहिल्या वाक्यातून काहीच कळत नाही. मंडळापुढील अहवाल गोपनीय असले, तरी त्यांचा सारांश मुलाला किंवा पालकांना सांगण्याची मुभा मंडळाला आहे. म्हणून मुलाच्या समोर मोठ्याने वाचता येणार नाही, असे वाक्य लिहूच नये.

सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर कलम 15 खाली प्राथमिक मूल्यांकन होते: गुन्हा करण्याची शारीरिक व मानसिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि ज्या परिस्थितीत ते घडले ती परिस्थिती. या मूल्यांकनावरून मुलाचा खटला प्रौढाप्रमाणे चालवायचा की नाही हे ठरू शकते. मंडळात बालमानसशास्त्राची वा बालमानसोपचाराची पदवी असलेला सदस्य नसेल, तर तज्ज्ञांची मदत घेणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले. आपण त्या मुलाचे समुपदेशक असू, तर हे मूल्यांकन आपण करू नये आणि ते दुसऱ्या तज्ज्ञाकडे द्यावे असे मंडळाला लेखी कळवावे. ज्याला विश्वासाने सांगितले, त्यानेच मोजमाप करायला बसणे हा मुलाचा विश्वासघात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. निदान करण्याचा अधिकारही पदवी आणि नोंदणी यांवर अवलंबून असतो. तो नसेल तर आजारांची नावे अहवालात घालू नयेत.

घरचे लोक

कोकणातल्या पुष्कळ मुलांचे ‘घरचे’ म्हणजे आजी असते. आई-वडील मुंबईला, आणि ते गणपतीला आणि शिमग्याला दिसणारे. पहाटेची वस्तीची एसटी पकडून, दोन गाड्या बदलून आलेली आजी समोर बसते आणि म्हणते, “माझो नातू तसो नाय.” तिच्याशी वाद घालू नये. तिला पाणी द्यावे, परतीच्या गाडीची वेळ विचारावी आणि तेवढ्यात बसेल इतकेच बोलावे. देवाला कौल लावला होता, असे ती सांगेल. त्यावर हसू नये आणि मानही डोलवू नये, कौलानंतर घरात काय ठरले ते विचारावे. घरातले खरे निर्णय कोण घेते, ते त्या उत्तरातून कळते.

गावाची भीती मात्र खरी असते. मुलाच्या प्रकरणावरून कुटुंबाला वाळीत टाकण्याची भाषा झाली, तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात 2016 चा स्वतंत्र कायदा आहे, हे घरच्यांना सांगावे आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवावे.

सुटकेनंतर

मुलाची ओळख उघड करणे हा कलम 74 प्रमाणे गुन्हा आहे. तो वर्तमानपत्रांपुरता नाही. शेजाऱ्याच्या फोनवर निरोप ठेवताना फक्त आपले नाव सांगावे, कार्यालयाचे सांगू नये. शेवटच्या भेटीत मुलाशी एक गोष्ट ठरवून घ्यावी: बाहेर कुठे समोरासमोर आलो, तर आधी कोणी बोलायचे? मी प्रत्येकाला सांगते की तू बोललास तरच मी बोलेन, आणि तू न बोललास तर मला वाईट वाटणार नाही.

मागच्या पावसाळ्यानंतर एका एसटी स्थानकावर जाळ्याच्या गाठी शिकवणारा तो मुलगा दिसला. हातात मासळीची टोपली, सोबत त्याच्याच वयाचे दोघे. त्याने माझ्याकडे पाहिले, टोपली या हातातून त्या हातात घेतली आणि मित्रांशी बोलत फलाटाच्या दुसऱ्या टोकाला गेला. मी गाड्यांच्या वेळापत्रकाकडे पाहत उभी राहिले.