चौकातला धूर मॉडेलमध्ये पकडायचा तर

सिव्हिल किंवा एन्व्हायर्नमेंटल झालेली पोरं विचारतात, वाहतुकीच्या प्रदूषणाचं मॉडेलिंग शिकायचंय, सुरुवात कुठून करू? पहिल्याच दमात अख्खं नागपूर घेऊ नका. एकच चौक घ्या. समजा, व्हेरायटी चौक.

वाहतुकीसाठी ‘सुमो’ शिका; ते संगणकावर रस्त्यावरच्या गाड्या चालवून दाखवतं. जर्मनीच्या डीएलआर या संस्थेचं हे सॉफ्टवेअर २००१ पासून फुकट आहे, आणि रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवरून उचलता येतात. गंमत पुढे आहे. सुमोतल्या गाड्या मुळात लेन धरून, शिस्तीत एकामागे एक उभ्या राहतात. आपल्याकडे लाल दिवा लागला की दुचाकीवाले दोन कारच्या फटीतून थेट झेब्रा क्रॉसिंगवर! म्हणून सबलेनची, म्हणजे एकाच लेनमध्ये गाड्यांना शेजारी-शेजारी घुसू देणारी सोय चालू करा, नाहीतर रांग खरी असते त्याहून लांब दिसते आणि धुराचा हिशोब तिथेच बिघडतो. त्यातले धुराचे आकडेही बहुतेक युरोपातल्या गाड्यांचे. पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने भारतीय गाड्या तपासून काढलेले उत्सर्जन गुणांक, म्हणजे कोणती गाडी किलोमीटरला किती धूर सोडते याचे आकडे आहेत, ते वापरा.

मग तो धूर हवेत कसा पसरतो ते काढायचं. त्यासाठीची मॉडेलं म्हणजे कॅलाइन४ किंवा एरमॉड. कॅलाइनसारख्या गाउसियन (धूर मध्ये दाट, कडेला विरळ होत जातो असं धरणाऱ्या) सूत्रात वाऱ्याचा वेग छेदात असतो. थंडीत पहाटे वारा पडला की उत्तर वाट्टेल तेवढं फुगतं. वर्धा रोडवरच्या डबल डेकर पुलाखाली तर हे सूत्र जपूनच लावा. ते मोकळी, सपाट जागा धरून चालतं आणि तिथे डोक्यावर छप्पर आहे.

सिग्नलची वेळ बदलून पीएम२.५, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, धाडकन खाली येईल, ही आशा सोडा. त्यात रस्त्याची धूळ आहे, कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांचा वाटा आहे. चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. मोजलेल्या आकड्यात चौकातल्या गाड्यांचा वाटा किती, हे वेगळं काढावं लागतं. बदलाचा परिणाम कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन ऑक्साइडमध्ये लवकर दिसतो. आणि शेजारचा चौकही मॉडेलमध्ये ठेवा. इथला हिरवा दिवा वाढवला की रांग झिरो माइलकडे सरकते, धूरही तिकडेच.

पायथन हवंच, थोडं नकाशांचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअरही. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी प्रोजेक्टवरच्या जागा निघतात, त्यांच्या जाहिराती बघत राहा. मुलाखतीला रंगीत नकाशे जरूर न्या. पण वारा कोणत्या तासाचा घेतला आणि गाड्या कोणत्या वारी मोजल्या, हे तोंडपाठ असू द्या.