शिसवाचे रोप ओळखून लावताना

शिसवी पाट किंवा आजोळच्या शिसवी कपाटाचा काळसर जांभळा रंग आपल्या परिचयाचा असतो, पण ज्या झाडापासून ते घडले ते झाड ठाण्यातील अनेकांनी पाहिलेलेही नसते. इमारती लाकडासाठी झालेल्या बेसुमार तोडीमुळे ही जात आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत असुरक्षित गणली गेली असून, 2017 पासून शिसवाच्या डालबर्जिया या वंशातील सर्वच जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या संकटग्रस्त वन्य जीव व वनस्पतींच्या व्यापारविषयक कराराचे नियंत्रण आहे.

रोप घेताना पाने तपासावीत. 'शिसम' या नावाखाली उत्तरेकडील शिसू हा याच वंशातील वेगळा वृक्ष सर्रास विकला जातो. मी स्वतः एका रोपवाटिकेतून आणलेले रोप दोन वर्षे जपले आणि ते शिसू निघाले. शिसूच्या पानात तीन ते पाच पर्णिका (संयुक्त पानातील छोटी पाने) असतात आणि त्यांची टोके अणकुचीदार असतात, तर आपल्या शिसवात बहुधा पाच ते सात गोलसर पर्णिका असून त्यांचे टोक बोथट, कधी किंचित खाचेचे असते.

येऊरचा डोंगर राष्ट्रीय उद्यानात येत असल्याने तेथून शेंगा आणू नयेत. खासगी जमिनीवरील झाडाच्या मालकाला विचारून त्या गोळा कराव्यात. चपट्या शेंगा तपकिरी होऊन वाळल्या की बी न काढता, प्रत्येक तुकड्यात एक बी राहील अशा बेताने त्या तोडाव्यात आणि रात्रभर पाण्यात भिजवून पेराव्यात. बियांची उगवणशक्ती काही महिन्यांतच घटते, म्हणून त्या पुढच्या वर्षासाठी ठेवू नयेत. सोटमूळ झपाट्याने खोल जात असल्याने फूटभर उंचीची पिशवी घ्यावी आणि मूळ जमिनीत शिरू नये म्हणून ती विटांवर ठेवावी. पिशवीत जुन्या शिसवाखालची मूठभर माती मिसळली, तर मुळांवर हवेतील नत्र साठवणाऱ्या गाठी धरण्यास मदत होते.

पुढील वर्षी मृगाचा पाऊस जमिनीत मुरल्यावर रोप लावावे. घोडबंदर रस्त्याच्या डोंगराकडील निचऱ्याचा उतार त्याला मानवतो. खाडीलगतची पाणथळ, खारट जमीन मानवत नाही. कुंपणाच्या भिंतीपासून ते दूर असावे, कारण मोठे झाल्यावर ते अडचणीचे वाटले तरी 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीविना तोडता येत नाही. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे. खोदकामात मुळाला जखम झाल्यास तेथून फुटवे येतात. ते तण समजून उपटू नयेत, कारण मुळाच्या तुकड्यासह काढलेला फुटवा नवे रोप म्हणून लावता येतो.