फायरवॉलमध्ये आयपी पत्त्यांची अख्खी रेंज कशी अडवावी

संगणकाच्या लॉगमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) लॉगिनचे फसलेले प्रयत्न दिसतात, तो पत्ता अडवला की थोड्याच वेळात शेजारच्या पत्त्यावरून तेच प्रयत्न पुन्हा सुरू होतात, आणि एकेक पत्ता वेचत बसण्यापेक्षा तो गटच बंद करावा असे वाटू लागते. फायरवॉलमध्ये, म्हणजे कोणती जोडणी होऊ द्यायची हे ठरवणाऱ्या पहारेकऱ्यात, गट बंद करणे सोपे आहे. किती पत्ते आणि कोणत्या दिशेने बंद करायचे, हे ठरवताना मात्र चुका होतात.

प्रथम रेंज कशी लिहितात ते पाहू. आयपीव्ही४, म्हणजे जुन्या पद्धतीचा आयपी पत्ता, ३२ बिटांचा असतो आणि तिरक्या रेघेपुढचा आकडा त्यांपैकी सुरुवातीचे किती बिट कायम आहेत ते सांगतो. २०३.०.११३.०/२४ म्हणजे २५६ पत्ते, /१६ म्हणजे ६५,५३६ आणि /८ म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून अधिक. (येथील अंक वाचण्यासाठी आहेत, संगणकात पत्ते आणि आज्ञा रोमन लिपीतच भराव्या लागतात.) या पद्धतीत गटाचा आकार नेहमी दोनाच्या घातात असतो आणि गटाची सुरुवात त्या आकाराच्या पटीवरच होते, त्यामुळे कोणतीही रेंज एका ओळीत मावेलच असे नाही. उदाहरणार्थ, २०३.०.११३.३७ ते २०३.०.११३.२०० हे १६४ पत्ते नेमके अडवायचे असतील, तर शेवटचा भाग ३७/३२, ३८/३१, ४०/२९, ४८/२८, ६४/२६, १२८/२६, १९२/२९ आणि २००/३२ असे आठ तुकडे पडतात. कंटाळून सरळ /२४ लिहिण्याचा मोह होतो; उरलेले ९२ पत्ते दुसऱ्याच कोणाचे नाहीत याची खात्री असेल तरच तसे करावे.

ती खात्री ‘हूइज’ नोंदीतून, म्हणजे पत्ते कोणाकडे आहेत याच्या सार्वजनिक नोंदीतून, बऱ्याच अंशी होते. जगातील पत्त्यांचे वाटप पाच प्रादेशिक नोंदणी संस्था करतात, आणि त्यांच्या नोंदीत पत्ता टाकला की तो कोणत्या गटात मोडतो व तो गट कोणाकडे आहे हे कळते. तो गट एखाद्या मोठ्या क्लाउड कंपनीचा निघाला तर हात आखडता घ्यावा, कारण त्याच पत्त्यांवर आपण रोज वापरतो त्या सेवाही चालत असू शकतात. अख्खा देश अडवण्याच्या याद्यांबद्दल मी उत्साही नाही. त्रास देणारा दुसऱ्या देशातला भाड्याचा सर्व्हर सहज घेतो आणि यादी मात्र जुनी होत जाते.

आता दिशा. विंडोजची फायरवॉल मुळात बाहेरून येणाऱ्या, परवानगी नसलेल्या जोडण्या नाकारते आणि आतून बाहेर जाणाऱ्या जोडण्या जाऊ देते. आपल्या संगणकाने स्वतः सुरू केलेल्या जोडणीचे उत्तर आत येते ते त्याच जोडणीचा भाग म्हणून, त्यामुळे इनबाउंड (आत येणाऱ्या जोडण्यांचा) नियम ते थांबवत नाही. एखादा प्रोग्रॅम ठरावीक रेंजशी बोलू नये असे वाटत असेल तर आउटबाउंड (बाहेर जाणाऱ्या जोडण्यांचा) नियम हवा. संगणकावर बाहेरच्यांसाठी एखादी सेवा उघडी ठेवली असेल आणि तिथे काहींना मज्जाव करायचा असेल, तर इनबाउंड नियम हवा. ‘ब्लॉक केले तरी चालूच आहे’ या तक्रारीमागे बहुधा हीच गल्लत असते.

विंडोजमध्ये ‘विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ अ‍ॅडव्हान्स्ड सिक्युरिटी’ उघडून डावीकडे योग्य दिशा निवडावी आणि उजवीकडील ‘न्यू रूल’वर टिचकी द्यावी. प्रकार ‘कस्टम’, त्यानंतर ‘ऑल प्रोग्रॅम्स’, आणि प्रोटोकॉल ‘एनी’ असाच ठेवावा. ‘स्कोप’च्या पानावर दोन चौकटी दिसतात. वरची आपल्या संगणकाच्या पत्त्यांसाठी आणि खालची समोरच्याच्या पत्त्यांसाठी असते. रेंज चुकून वर भरली तर नियम तयार होतो, पण कोणालाच लागू पडत नाही. खालच्या चौकटीत ‘दीज आयपी अ‍ॅड्रेसेस’ निवडून ‘अ‍ॅड’ दाबावे. येथे पहिला आणि शेवटचा पत्ता थेट देता येतो, म्हणजे वरची आठ तुकड्यांची कसरत टळते. पुढे ‘ब्लॉक द कनेक्शन’ निवडले आहे ना हे आवर्जून तपासावे, तिन्ही प्रोफाइल (नेटवर्कचे प्रकार) तसेच ठेवावेत आणि नावात तारीख व कारण लिहावे. विंडोजमध्ये अडवणारा नियम परवानगीच्या साध्या नियमावर मात करतो, त्यामुळे क्रमाची चिंता नसते.

लिनक्सवरील ‘यूएफडब्ल्यू’ या फायरवॉलमध्ये क्रमाची चिंता असते. तिथे जो नियम आधी जुळेल तोच चालतो, म्हणून नुसते ‘डिनाय फ्रॉम’ लिहून नियम तळाशी टाकला आणि वर त्या सेवेच्या पोर्टला (क्रमांक दिलेल्या दाराला) सर्वांसाठी परवानगी असली, तर तो निरुपयोगी ठरतो. ‘यूएफडब्ल्यू इन्सर्ट १ डिनाय फ्रॉम २०३.०.११३.०/२४’ अशी आज्ञा देऊन तो पहिल्या क्रमांकावर बसवावा. बाहेर जाणाऱ्या दिशेसाठी ‘डिनाय आउट टू’ वापरावे. आधीपासून चालू असलेल्या जोडण्या मात्र यामुळे तुटत नाहीत. मॅकची नेहमीची फायरवॉल प्रोग्रॅमनुसार परवानगी देते, पत्त्यांनुसार नाही. पत्ते अडवायचे तर तिथे ‘पीएफ’ या मॅकमधल्याच दुसऱ्या फायरवॉलची नियम-फाइल लिहावी लागते.

१०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ या खासगी वापराच्या रेंज आहेत, तर १२७.०.०.०/८ ही संगणकाची स्वतःशी बोलण्याची. तयार याद्यांमध्ये कधीकधी त्याही असतात, कारण इंटरनेटच्या बाजूने असा पत्ता येणे संशयास्पदच. पण तीच यादी घरच्या संगणकावर चढवली की राउटर आणि प्रिंटर दोन्ही दिसेनासे होतात. ‘यूएफडब्ल्यू’ असलेल्या दूरच्या सर्व्हरवर काम करत असाल तर स्वतःच्या पत्त्याला परवानगी देणारा नियम अडवणाऱ्या नियमाच्याही वर ठेवावा.

समोरच्या सर्व्हरला आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा लांब पत्ताही असेल तर केवळ जुन्या पद्धतीची रेंज अडवून उपयोग नाही. जोडणी दुसऱ्या वाटेने होते. त्या पत्त्यांसाठी वेगळी नोंद करावी आणि तिथे एकेक पत्ता न घेता किमान /६४ चा गट धरावा. ब्राउझर प्रॉक्सीतून, म्हणजे मधल्या सर्व्हरमार्फत, जात असेल तर फायरवॉलला प्रॉक्सीचाच पत्ता दिसतो, हेही तपासून घ्यावे.

चाचणी नियम लावण्याआधी आणि नंतर अशी दोनदा करावी, कारण अनेक सर्व्हर पिंगला (‘आहेस का?’ असे विचारणाऱ्या संदेशाला) मुळातच उत्तर देत नाहीत आणि ती शांतता आपल्याच नियमाची वाटू शकते. इनबाउंड नियमाची चाचणी त्याच रेंजमधल्या यंत्रावरूनच करता येते. ते हाताशी नसल्यास क्षणभर आपल्याच दुसऱ्या यंत्राचा पत्ता नियमात घालून पाहावे आणि लगेच काढून टाकावा.