कोकण किनाऱ्याने पहिल्यांदा स्वतःची गाडी घेऊन जाताना

पुण्या-मुंबईहून पहिल्यांदाच गाडी घेऊन कोकणात उतरणारी मंडळी बहुधा नकाशावर दिवेआगरापासून मालवणापर्यंत बोट फिरवतात, अंतराला ताशी साठने भागतात आणि चार दिवसांत सारे उरकेल असे धरून निघतात. हा हिशेब देशावर चालतो, पण किनाऱ्यावर तो पहिल्याच खाडीपाशी मोडतो. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या समुद्राला मिळतात तिथे रुंद खाड्या आहेत आणि किनाऱ्यालगतचा रस्ता थेट त्यांच्या काठाशी येऊन थांबतो. पलीकडची माडांची रांग समोर दिसत असते, पण तिथे पोचायचे तर फेरीबोट तरी घ्यावी लागते, नाहीतर दूरचा वळसा. म्हणून बेत आखताना आधी खाड्या मोजाव्यात, त्यांच्यामधल्या पट्ट्यांत मुक्काम ठरवावेत आणि किलोमीटर सर्वांत शेवटी पाहावेत.

पहिल्या खेपेला रत्नागिरीच्या पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मालवण आणि वेंगुर्ल्याला स्वतंत्र आठवडा द्यावा, इतके तिथे आहे. पुण्याहून निघणाऱ्यांनी ताम्हिणी घाटाने माणगावला उतरून सुमारे १६० किलोमीटरवरच्या दिवेआगर किंवा श्रीवर्धनला दोन रात्री राहावे. तिथून हरिहरेश्वर करून बागमांडल्याला फेरीबोट धरली की सावित्रीच्या पलीकडे वेशवीला, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात, उतरता येते. केळशीवरून दापोलीजवळच्या आंजर्ले, हर्णे, मुरूड या पट्ट्यात यावे आणि पुढच्या दोन रात्री तिथे काढाव्यात. मग दाभोळहून खाडी ओलांडून गुहागरला आणखी दोन रात्री आणि तवसाळ-जयगड फेरीने मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे करीत शेवटच्या रात्री रत्नागिरी. परतीला आंबा घाटाने कोल्हापूर गाठता येते. हे अंतर सुमारे १३० किलोमीटर आहे. सात रात्री आणि तीन खाड्या एवढ्यात ही सहल बसते. एका जागी दोन रात्री राहण्याचा आग्रह अशासाठी, की त्यामुळे मधला एक पूर्ण दिवस गाडीला हात न लावता जातो आणि लहान मुलांना व वडीलधाऱ्यांना खरी विश्रांती त्याच दिवशी मिळते.

फेरीबोटीची धास्ती पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतेच, पण ती वाटू देऊ नये. दापोलीहून गुहागरला खेड-चिपळूणमार्गे गेले तर शंभर किलोमीटरच्या वर पडतात, दाभोळ-धोपावे फेरीने ते निम्म्याहून कमी होतात. जेटीवर तिकीट काढावे, रांगेत गाडी लावावी आणि बोट लागली की बोटीवरचा माणूस हाताने दाखवेल तसेच चाक वळवावे. काही वेळा गाडी मागे घेत बोटीवर चढवावी लागते. अशा वेळी आरशापेक्षा त्या माणसाच्या हातावर भरवसा ठेवावा, कारण त्याला प्रत्येक गाडीची लांबी नजरेने कळते. उभी केल्यावर हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि मग कठड्याशी येऊन खाडी पाहावी. रात्री फेऱ्या बंद होतात, म्हणून सूर्यास्ताच्या आत पलीकडे पोचण्याचाच बेत असावा. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी आम्ही एका जेटीवर दोन तास रांगेत उभे होतो. तेव्हापासून आम्ही खाडी नेहमी सकाळी ओलांडतो आणि सुट्टीचा दिवस असेल तर त्या दिवशी मुक्कामच हलवत नाही. निघण्याआधी फेरी चालू असल्याची खात्री मुक्कामाच्या घरी फोन करून करावी. पावसाळ्यात तर ती करावीच.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. किनाऱ्यावरची जुनी माणसे घड्याळ न पाहता भरतीची वेळ सांगतात, कारण तिथीची पाऊणपट केली की तास निघतात. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठच्या सुमारास पाणी पुरते चढलेले असते; त्यानंतर सहा तासांनी ओहोटी आणि सुमारे साडेबारा तासांनी पुन्हा भरती येते. गुहागरजवळच्या हेदवीची बामणघळ पाहायची तर भरतीलाच जावे. खडकातल्या अरुंद घळीत लाट घुसून उंच उसळते ते तेव्हाच दिसते, मात्र कडेपासून लांब उभे राहून पाहावे. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, दूरवर चालायचे असेल तर ओहोटी बरी. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी नेहमीपेक्षा आत येते, याचे भान ठेवावे. गणपतीपुळ्याचा समुद्र पोहण्यासाठी धोक्याचा आहे, तिथे पाय भिजवण्यावरच समाधान मानावे.

गाडी पुळणीवर कधीही नेऊ नये. ओली वाळू फरशीसारखी घट्ट दिसते, पण एकदा चाक जागच्या जागी फिरले की खालची वाळू पाणी सोडते, चाक अर्ध्यापर्यंत बुडते आणि गाडीचे पोट वाळूवर टेकते. गावातून ट्रॅक्टर येईपर्यंत भरती थांबत नाही.

आतले रस्ते अरुंद आहेत. जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून, म्हणजे कुंपणाच्या भिंतींमधून, जाताना समोरून एसटी आली तर रुंद जागा पाहून आपणच थांबावे. चढावर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम घाटात काटेकोरपणे पाळावा. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. ज्या गिअरमध्ये चढलो असतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. मोबाइलचा नकाशा जवळची वाट म्हणून पुष्कळदा एखाद्या वाडीच्या पाखाडीशी, म्हणजे दगडी पायवाटेशी, नेऊन सोडतो. शंका आली की काच खाली करून विचारावे. टाकी अर्धी झाली की पेट्रोल भरावे, नकाशे आधीच उतरवून ठेवावेत आणि थोडी रोख रक्कम जवळ असू द्यावी.

दिवस निवडायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, मात्र नाताळाचा आठवडा सोडून. गणपती आणि शिमग्याला सारा चाकरमानी वर्ग गावी येत असतो, तेव्हा रस्ते त्यांच्यासाठी मोकळे ठेवावेत. वेशवीजवळच्या वेळासला कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायची असतील तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ साधावा.

मुक्कामासाठी घरगुती निवास शोधावा आणि जेवणाचे आदल्या दिवशीच कळवावे. अशा घरी स्वयंपाक माणसे मोजून होतो. उकडीचे मोदक हवे असतील तर ओला नारळ खवण्यापासून तयारी असते आणि ताजी मासळी सकाळी बाजारात जाऊन आणावी लागते. दुपारी दोनला न सांगता चार पाने वाढायला सांगणे त्या घरच्या बाईंवर अन्यायाचे आहे. निघताना आमसुले, कुळथाचे पीठ किंवा फणसपोळी त्याच घरून घ्यावी. डिकीत तेवढी जागा घरून निघतानाच राखून ठेवावी.