जुनी गाडी घेताय? आधी नंबर प्लेट वाचा

सेकंडहँड गाडी बघताना बॉनेट सगळे उघडतात, प्लेट कुणी वाचत नाही. मग खोट्या नंबरची गाडी गळ्यात पडली की निस्तरताना नाकी नऊ येतात. दोन मिनिटं द्या:

१. 'एमएच १२' नंतरची मालिकेची अक्षरं बघा. तिथे 'आय' किंवा 'ओ' असेल तर थांबा. १ आणि ० शी गोंधळ नको म्हणून ही दोन अक्षरं मालिकेत देतच नाहीत. राज्याऐवजी देशभर चालणाऱ्या बीएच (भारत) मालिकेतही नाहीत. ओडिशाच्या 'ओडी'तला ओ मात्र राज्याचा, तो बरोबर.

२. हाय सिक्युरिटी प्लेट असेल तर डावीकडे वर अशोकचक्राचा होलोग्राम, त्याखाली निळ्यात 'आयएनडी', आणि खालच्या कोपऱ्यात लेझरने कोरलेला बारीक क्रमांक हवा. अक्षरांवर तिरपं 'इंडिया' उमटलेलं असतं. जरा बाजूने, उजेडात बघा. बाजारातल्या नकली प्लेटा बहुधा इथेच उघड्या पडतात.

३. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकून मॉडेल आणि इंधन जुळवा.

सांभाळा: प्लेट अस्सल दिसली तरी चासी नंबर आरसीशी ताडल्याशिवाय टोकन देऊ नका. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून एमपरिवहन कधीच घेऊ नका.