दुपारच्या गप्पांच्या कार्यक्रमाची व्हीएचएस कॅसेट संगणकावर कशी उतरवावी

चार-सहा महिन्यांत गुंडाळलेला दुपारचा गप्पांचा कार्यक्रम पुन्हा दाखवला जाणं दुर्मीळच. टेप महाग असल्याने जुन्यावरच नवं चित्रीकरण करण्याची पद्धतही टीव्हीच्या जगात होती. म्हणून कुणी घरी टायमर लावून रेकॉर्ड केलेली कॅसेट हीच कधी कधी एकमेव प्रत असते. ती घाईने मशीनमध्ये घालू नका.

आधी कॅसेटच्या खिडकीतून उजेडात फीत पाहा. रिळाच्या कडेला पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. कोकणात आणि मुंबईत हे फार आढळतं. अशी कॅसेट लावली तर बुरशी हेडवर, म्हणजे मशीनमध्ये फीत वाचणाऱ्या भागावर, बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. ती वेगळी ठेवून जाणकाराकडे द्या. कॅसेट स्वच्छ असेल तर मागच्या कडेचा प्लॅस्टिकचा तुकडा मोडलेला आहे ना ते बघा. नसेल तर मोडून टाका, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. मग शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या फितीचा ताण सारखा होतो.

पडद्यावर मुंग्या आल्या तर आधी ट्रॅकिंग (फितीवरच्या रेषेशी हेड जुळवणारं बटण) फिरवा. तरीही राहिल्या तर हेड मळलं आहे. मशीनची विजेची पिन काढा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं शॅमॉय (मऊ) चामडं हेड बसवलेल्या गोल ड्रमला हलकेच टेकवून स्थिर धरा आणि ड्रम हाताने फिरवा. वर-खाली घासलंत तर हेड तुटेल. कापूस तर नकोच, त्याचे धागे अडकतात.

कॅप्चर करताना, म्हणजे व्हीसीआरचं चित्र कॅप्चर उपकरणातून संगणकात घेताना, पाल (PAL, भारतातली टीव्ही सिग्नलची पद्धत) निवडा, ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. चुकून एनटीएससी (अमेरिकेतली पद्धत) राहिलं की चित्र कृष्णधवल होतं किंवा गडगडतं. व्हर्च्युअलडब या सॉफ्टवेअरमध्ये हफवाययूव्हीसारखा लॉसलेस कोडेक (चित्राचा दर्जा न घटवता फाइल आवळणारी पद्धत) वापरा: तासाला साधारण ३० ते ४० जीबी. तीन तासांच्या ई-१८० कॅसेटसाठी १२० जीबी मोकळी जागा हवी. आवाज त्याच कॅप्चर उपकरणातून घ्या. साउंड कार्डातून वेगळा घेतला की दोन घड्याळं जुळत नाहीत आणि तासाभरात ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. फ्रेम गळत असतील तर व्हीसीआर आणि कॅप्चर उपकरण यांच्यामध्ये टाइम बेस करेक्टर (सिग्नलची वेळ स्थिर करणारं उपकरण) लावा, कारण जुन्या फितीचे सिग्नल डळमळतात. चित्राच्या तळाशी फाटल्यासारख्या काही ओळी दिसतील. तो दोष नाही, व्हीएचएसमध्ये त्या असतातच.

जाहिराती कापू नका, ही आमची आग्रहाची विनंती. पाहुण्यांशी बोलताना सूत्रसंचालक तारीख सांगत नाही, पण सणाच्या सवलतीची जाहिरात किंवा नव्या मालिकेची झलक भागाची तारीख ठरवून देते. शेवटची श्रेयनामावलीही पूर्ण घ्या. निर्मात्यांची, संशोधकांची नावं दुसरीकडे सापडणं कठीण.

मूळ फाइल इंटरलेस्डच (एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची) ठेवा. पाहण्यासाठी डीइंटरलेस करून, म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करून, सेकंदाला ५० फ्रेमची एच.२६४ (लहान आकाराच्या व्हिडिओची) प्रत वेगळी काढा. फाइलच्या नावात वाहिनी, कार्यक्रम, तारीख, कॅसेट क्रमांक लिहा. अंदाजे तारखेपुढे प्रश्नचिन्ह टाका. तीन प्रती करा, एक दुसऱ्याच घरी.

यूट्यूबवर टाकण्याआधी मात्र वाहिनीची लेखी परवानगी हवी. भारतीय कायद्यात प्रसारणाचा हक्क २५ वर्षं टिकतो, पण चित्रित कार्यक्रमाचा स्वामित्वहक्क ६० वर्षं.