सापाने फडकं गिळलं तर

उंदराचा वास लागलेलं फडकं बॉल पायथन (घरी पाळतात तो छोटा अजगर) खाणं समजून गिळतो. टोक बाहेर दिसलं तरी ओढू नका. दात आत वळलेले असतात, घसा फाटतो. तेल तर मुळीच ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं, तेल थेट फुप्फुसात जातं. पोट चोळणंही नको.

खाणं बंद, पाणी चालू. डॉक्टरकडे नेताना साप कापडी पिशवीत घालून भोकांच्या डब्यात ठेवा. बेळगाव-खानापूरच्या थंडीत टॉवेलात गुंडाळलेली कोमट बाटली शेजारी हवीच.

गुरांच्या डॉक्टरला आधी फोन करा, साप बघतात का विचारा. एक्स-रेत खडा, धातू दिसतो. कापड सहसा दिसत नाही, मग सोनोग्राफी. सोबत तसलंच फडकं न्या, आकार कळतो.